न पाठवलेले निवेदन

फेब्रुवारी २००८ मधला तो आठवडा मला नीट आठवतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बँकेच्या शाखेत मी तेव्हा अधिकारी होतो. शटर वर जाण्याच्या आधीच बाहेर रांग लागलेली असे. रांगेत बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारकडची मुले. कुणी प्रेसशॉपमधला, कुणी लेथवरचा, कुणी बांधकामावरचा. उत्तर भारतीयांविरुद्धच्या आंदोलनाची झळ मुंबईहून नाशिकला पोचली होती. दगडफेक झाली होती आणि हजारो माणसे नाशिकरोड स्टेशनच्या दिशेने निघाली होती. जाण्याआधी पासबुकातली होती नव्हती ती रक्कम काढायला ती आमच्याकडे येत होती. वसाहतीतली यंत्रे थंडावली आणि आमची रोकड दुपारच्या आत संपू लागली.

त्या रांगेतल्या एकाला मी ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी त्याचे खाते मीच उघडले होते, तेही त्याला चार हेलपाटे घालायला लावून. त्याच्याकडे इथल्या पत्त्याचा पुरावा नव्हता. सहा जणांत मिळून घेतलेल्या खोलीचा पुरावा तरी तो कुठून आणणार? वास्तविक रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट २००५ चे परिपत्रक माझ्या टेबलाच्या खणात होते. अशा लहान ठेवीदाराचे खाते जुन्या खातेदाराच्या ओळखीवर उघडता येईल, मात्र शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊ नये, अशी सोय त्यात होती. ते मी वाचलेही होते. तरी मी रेशनकार्ड मागत राहिलो. सवलत देताना चूक झाली तर चौकशी होते, सवलत नाकारली तर कुणी विचारत नाही, हे नोकरीत मुरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

खाते बंद करताना त्याने मला हिंदीत, आवाज न चढवता एक गोष्ट विचारली. आमच्यासारख्यांना तक्रार करायची असेल तर ती कुठल्या ऑफिसात करायची? मी घड्याळाकडे पाहिले आणि कॅश बंद व्हायच्या आत स्लिप भरून दे म्हणून सांगितले. दुसरे काही सांगण्यासारखे माझ्याजवळ नव्हते.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड मी क्रमाने वाचायला घेतले. कादंबरीकाराच्या हव्यासाने घेतले, माणूस शोधायला. वाचता वाचता त्या लेथवाल्याचा प्रश्न वारंवार समोर येऊ लागला, कारण बाबासाहेबांनी आयुष्यभर तोच प्रश्न विचारला होता. ज्याची संख्या कमी, ज्याची पत कमी, त्याने दाद कुणाकडे मागायची?

नाशिककरांना बाबासाहेब दोन ठिकाणांमुळे माहीत आहेत. एक काळाराम मंदिर, दुसरे येवले. २ मार्च १९३० रोजी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद झाले, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो लढा १९३४ पर्यंत रेंगाळत चालला. दरवाजे काही उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला. या दोन तारखा आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाच्या आणि शरमेच्याही आहेत. पण या दोन तारखांच्या मध्ये आणि नंतर ते जगाच्या पाठीवर कुठे कुठे दाद मागत होते, हा भाग आपण फारसा वाचत नाही.

सुरुवात मात्र एका खोलीपासून करावी लागेल. १८९१ साली महू येथे सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी जन्मलेला हा मुलगा बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, तिथून लंडनला गेला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाला. महाराजांच्या दरबारी नोकरी होती, पण शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. दहा-अकरा दिवसांत बिंग फुटले. एके दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान देऊन गेले. मित्रांपैकीही कुणी जागा दिली नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. ही हकीकत त्यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. ती वाचताना मला माझ्या टेबलापलीकडे उभा असलेला पत्त्याविना माणूस दिसला. पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

त्या सुमारास पहिले महायुद्ध संपले. जुनी साम्राज्ये मोडून युरोपात नवी राष्ट्रे जन्माला आली, आणि प्रत्येक नव्या राष्ट्रात वेगळ्या भाषेचे, वेगळ्या धर्माचे लोक अडकले. त्यांचे काय करायचे? २८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे जर्मनीशी तह झाला, त्याच दिवशी पोलंडकडून एका वेगळ्या तहावर सही घेण्यात आली. वंश, धर्म आणि भाषा यांनी अल्पसंख्य असलेल्या नागरिकांना समान वागणूक, त्यांची भाषा, त्यांच्या शाळा, यांची हमी पोलंडने दिली. पाठोपाठ इतर नव्या देशांनीही अशाच हमी दिल्या. राष्ट्रसंघ या हमींचा जामीनदार झाला. पीडितांना जिनिव्हाला अर्ज पाठवता येऊ लागला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदाराच्या शब्दावर विसंबून न राहता तिसऱ्याची सही घेतली गेली. जगाच्या इतिहासात एवढ्या पद्धतशीरपणे हे पहिल्यांदाच घडत होते.

इकडे त्याच वर्षी जानेवारीत बाबासाहेब साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागत होते. १९२० मध्ये मूकनायक निघाले, १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे झाले. आणि नाशिकचा सत्याग्रह चालू असतानाच, नोव्हेंबर १९३० मध्ये, ते लंडनच्या गोलमेज परिषदेत जाऊन बसले.

तिथे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक समितीला दिलेला मसुदा मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही. एखाद्या निष्णात वकिलाने दस्तऐवज करावा तसा तो आहे. समान नागरिकत्वाचे कलम त्यांनी अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आणि १९२० च्या आयर्लंडच्या कायद्याच्या आधाराने लिहिले. हक्कभंगाच्या शिक्षेसाठी गुलामगिरी संपल्यानंतरचे अमेरिकेतले १८६६ आणि १८७५ चे कायदे पुढे ठेवले. आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा कित्ता घेतला. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्या खेड्यांना सांगायला नको. दुकानदार मीठ देत नाही, मजुरीवर कुणी घेत नाही, वाट बंद होते. कुणी कुणाला मारत नाही, आणि तरी माणूस संपतो. कायद्याने हात धरावा असे यात काही दिसत नाही, हीच त्या शस्त्राची धार. बाबासाहेबांनी ती ओळखली आणि त्यावर उपाय शोधायला ते जगभरची कायद्याची पुस्तके धुंडाळत गेले.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे. १९३१ मध्ये अल्पसंख्याकांचा करार झाला, ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा आला, गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडले, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. या करारावर आजवर इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही.

दरम्यान जिनिव्हाच्या जामीनदाराची पत उतरत चालली होती. १९३३ मध्ये वरच्या सायलेशियातल्या फ्रान्झ बर्नहाइम नावाच्या एका ज्यू दुकान-नोकराने, नोकरीवरून काढल्याबद्दल, थेट राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. आश्चर्य म्हणजे तो मान्य झाला. त्या प्रदेशासाठी जर्मनी आणि पोलंड यांच्यात वेगळा करार होता, म्हणून हिटलरचे ज्यूविरोधी कायदे तेवढ्या प्रदेशापुरते १९३७ पर्यंत थांबले. एका नोकरदाराच्या कागदाने केवढे काम केले! पण करार १९३७ मध्ये संपला आणि संरक्षणही संपले. त्याआधी सप्टेंबर १९३४ मध्ये पोलंडने राष्ट्रसंघाला या बाबतीत सहकार्य देणे थांबवले होते. १९३८ मध्ये तर चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मन अल्पसंख्याकांचे निमित्त करून हिटलरने त्या देशाचेच लचके तोडले. आपल्या माणसांचे रक्षण या नावाखाली शेजाऱ्याचे घर बळकावता येते, हे जगाने पाहिले.

बाबासाहेबांनीही ते बारकाईने पाहिले. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. त्यात परदेशातले धडे म्हणून त्यांनी तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया हीच दोन उदाहरणे घेतली आहेत. हमीचे कागद असूनही ही राज्ये कशी फुटली, याची चिरफाड त्यांनी कुणाचीही भीड न ठेवता केली आहे.

तरीही १९४६ मध्ये बाहेरच्या दाराकडे वळण्याची वेळ त्यांच्यावर आली. कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांना वेगळे स्थान नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नॅशनल नीग्रो काँग्रेसने नव्याने स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या थोर कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून त्या निवेदनाच्या प्रती मागवल्या, आणि जुलैअखेर ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले. ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब स्वतः लंडनला जाऊन आले. डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत मांडला आणि ठराव मंजूर करून घेतला. परक्या देशातल्या आपल्या अल्पसंख्य बांधवांसाठी आपण जगाचे दार ठोठावले होते. मग घरातल्यांनी ते का ठोठावू नये?

अस्पृश्यांच्या स्थितीवरचे एक निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर करण्यासाठी बाबासाहेबांनी तयार केले. पण पाठवले नाही. घटना समितीला आणि भावी संसदेला एक संधी द्यावी, असा विचार त्यांनी केला. पुढे १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना केलेल्या निवेदनात त्यांनी ही गोष्ट स्वतःच नमूद केली आहे. चरित्रात ती एका ओळीत उरकली जाते. मला मात्र हा त्यांच्या आयुष्यातला फार मोठा निर्णय वाटतो. ज्या समाजाने खोली दिली नाही, पाणी दिले नाही, देऊळ उघडले नाही, त्या समाजाच्या प्रतिनिधींवर त्यांनी उसना विश्वास टाकला. तारण काहीच नव्हते.

बिनतारण विश्वास टाकला, पण हिशेबनिसाची मागणी सोडली नाही. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी स्टेट्स अँड मायनॉरिटीज हे टिपण सादर केले. अल्पसंख्य कुणाला म्हणावे? केवळ डोकी मोजून ते ठरत नाही, सामाजिक भेदभाव ही खरी कसोटी, असे त्यांनी त्यात सांगितले. आणि अल्पसंख्याकांच्या कामासाठी एक अधीक्षक असावा, त्याचा दर्जा ऑडिटर जनरलसारखा असावा, सरकार आणि जनता दोघेही अल्पसंख्याकांशी कसे वागतात याचा अहवाल त्याने दरवर्षी द्यावा, तो विधिमंडळापुढे यावा आणि त्यावर चर्चेला वेळ ठेवावा, अशी तरतूद सुचवली. ज्याने जन्मभर बँकेत काढला त्याला या सूचनेचे मोल लगेच कळते. तपासनीस येणार या धास्तीनेच निम्मी खाती सरळ होतात. सरकारबरोबर जनतेच्या वागणुकीचाही हिशेब मागणारी ही कल्पना घटनेत काही आली नाही.

आता त्या तीन दिवसांकडे येतो. ८ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत आजचे २९ वे कलम चर्चेला होते. आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क. मूळ मसुद्यात अल्पसंख्य हा शब्द होता. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने तो काढून नागरिकांचा कोणताही गट असे शब्द घातले. सदस्यांनी कारण विचारले. बाबासाहेबांनी दिलेले स्पष्टीकरण साधे होते. समजा मद्रासकडचे लोक मुंबईत येऊन राहिले, किंवा महाराष्ट्रातले लोक बंगालमध्ये जाऊन राहिले. तांत्रिक अर्थाने ते अल्पसंख्य नाहीत, पण भाषेने आणि संस्कृतीने तिथे अल्पसंख्यच आहेत. हे संरक्षण त्यांनाही मिळावे म्हणून शब्द व्यापक केला. राज्याने त्यांच्यावर दुसरी संस्कृती लादू नये, इतकेच बंधन. बंगालमधला महाराष्ट्रीय हे उदाहरण त्यांच्या ओठी येणे स्वाभाविक होते. १९४६ मध्ये मुंबईतून वाट बंद झाली तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते घटना समितीवर निवडून आले होते ते बंगालमधूनच.

दुसऱ्या दिवशी, ९ डिसेंबरला, हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे आजचे ३२ वे कलम आले. साऱ्या घटनेचा प्राण त्यांनी याच कलमात पाहिला. दाद मागण्याची सोय नसेल तर हक्क हा नुसता कागद, हे बर्नहाइमच्या अर्जापासून पोलंडच्या माघारीपर्यंत सगळे पाहिलेल्या माणसाला वेगळे शिकावे लागले नव्हते.

आणि तिसऱ्या दिवशी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात अल्पसंख्याकांसाठी एकही कलम नाही. या प्रश्नाला सगळीकडे लागू पडेल असे एकच उत्तर देणे अवघड आहे, अशा आशयाचा वेगळा ठराव करून आमसभेने तो पुढे ढकलला. जग थबकले होते, त्या आठवड्यात आपली घटना समिती, तेही फाळणीच्या जखमा ओल्या असताना, एक पाऊल पुढे होती. आंतरराष्ट्रीय करारात अल्पसंख्याकांच्या भाषा, धर्म आणि संस्कृतीचे कलम यायला १९६६ साल उजाडावे लागले. भारत त्या करारात १९७९ मध्ये सामील झाला. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी केला तो १८ डिसेंबर १९९२ रोजी. त्याच महिन्यात आपल्या देशात काय घडले, हे वाचकांना सांगायला नको.

टाकलेला विश्वास पुरा फळला असे बाबासाहेबांना वाटले नाही. १९५१ च्या राजीनाम्यात ती खंत स्पष्ट आहे. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी पुन्हा धोक्याची सूचना दिली. एक राज्य एक भाषा हे तत्त्व त्यांना मान्य होते, पण त्या राज्यातल्या लहान गटांचे काय होणार ही चिंता त्यांनी सोडली नव्हती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी दोन कलमे आली: एक प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल, दुसरे त्यांच्यासाठी एक खास अधिकारी नेमण्याबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ पासून ती लागू झाली. मधल्या काळात, १४ ऑक्टोबरला, नागपुरात येवल्याचा शब्द पुरा झाला होता. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

या कलमांची किंमत आम्हा मराठी माणसांना बेळगावात कळते. माझी मावशी तिथे राहत असे. घरपट्टीची नोटीस कानडीत आली की ती शेजारच्या मुलाकडून वाचून घेई आणि दिवसभर धुसफुसत राही. १५ टक्के लोक ज्या भाषेचे, तिच्यात सरकारी सूचना मिळाल्या पाहिजेत, शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तर मातृभाषेतून शिकवले पाहिजे, ही सूत्रे तिला तोंडपाठ होती. तिच्या बाजूने मीही तावातावाने बोलत असे. त्याच तोंडाने अंबडला मी लेथवाल्याकडे रेशनकार्ड मागत होतो. मावशीसाठी जो हक्क मागितला तो देण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी खण उघडला नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आज मी देऊ शकेन. देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा हक्क १९ व्या कलमात आहे, भाषेचा २९ व्यात आहे, दाद मागण्याची वाट ३२ व्या कलमात आहे. आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेल्या त्या खास अधिकाऱ्याचे कार्यालय तेव्हा अलाहाबादेत होते. नाशिकरोडहून त्याच्या मुलखाकडे जाणारी गाडी अलाहाबादवरूनच जाते. अर्थात त्या अधिकाऱ्याच्या हाती अहवाल लिहिण्यापलीकडे फारसे काही नाही, आणि जमावाचे दगड त्याच्या कक्षेत येत नाहीत, हेही मला त्याला सांगावे लागले असते. जनतेचा हिशेब मागणारा बाबासाहेबांचा अधीक्षक जन्मालाच आला नाही. ते काम पोलिसांवर, शेजाऱ्यांवर आणि माझ्यासारख्या टेबलामागच्या माणसांवर येऊन पडले.

कारखाने पुढे सुरू झाले, बरीच माणसे परतली. तो मात्र माझ्या शाखेत पुन्हा दिसला नाही.

अंबडपासून जवळच त्रिरश्मीचा डोंगर आहे, आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. पायथ्याशी बुद्धस्मारक आहे. सकाळी फिरायला मी तिकडे जातो, आणि गुडघे परवानगी देतील त्या दिवशी वरही चढतो. तिथल्या सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षत्रप-सातवाहनांच्या काळातला एक यवन, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, मूळचा दत्तामित्रीचा, याने ते लेणे कोरवून दान दिले. लेखात त्याला उत्तरेकडचा असे स्पष्ट म्हटले आहे. नाव, वडिलांचे नाव, गाव, एवढीच त्याची ओळख, आणि तेवढ्यावर त्याचे दान इथे रुजू झाले.

माझ्या त्या खातेदारानेही पहिल्या खेपेला मला एवढेच सांगितले होते.